टायरच्या गाडीचा लोहार

आमच्या सावली गावच्या स्टँडवर यष्टी थांबली की हा लोहार खाली वाकून तिची चाकं पाहत बसे. लोक म्हणत, "काय भाऊ, यष्टी इकत घेता का?" तो म्हणे, "सध्या पाहून राह्यलो. भाव उतरू द्या."

मी सुतार. बैलगाडीची लाकडी चाकं मी करायची आन् त्यावर लोखंडी पट्ट्याची धाव त्यानं चढवायची, असं आमचं वीस वर्षं चाललं. तापलेली धाव चढवताना तो चाकाशी बोले, "बस माय, बस."

मग त्यानं टायरची बैलगाडी करायचं मनावर घेतलं. गडचिरोलीले जाऊन वेल्डिंग शिकला. मले म्हणाला, "भाऊ, लाकडी चाकाचे दिवस गेले. गाडीचा वरचा सांगाडा तुमी करा."

"मी चाकं घडवतो, खोके नाई," मी म्हणालो.

त्यानं वाद घातला नाई. दर बाजाराच्या दिवशी येऊन तेच इचारायचा, मी तेच सांगायचो. धंद्यात एवढा चलाख माणूस, पण सांगाड्याचं काम दुसऱ्या कोणाले देईना. धानाचा हंगाम आला, गिऱ्हाईक थांबून थांबून मूल गावच्या लोहाराकडे गेलं. मले सगळं दिसत होतं. तरी मी हो म्हणालो नाई.

पुढच्या साली माझ्याकडे चाकाचं एकही काम आलं नाई. शेवटी हत्यारं घेऊन मीच त्याच्या भट्टीवर गेलो. तिथं एक परका सुतार फळीवर रंधा मारत होता. लोहारानं माझ्या हातातली हत्यारांची पिशवी पाहिली आन् मान खाली घातली.

"बसा भाऊ," तो म्हणाला. "चहा सांगतो."

चहा मी उभ्यानंच प्यालो. त्याचं काही चुकलं नाई.