तांदळाच्या पिंपातला चष्मा

माझी मोठी जाऊ कमळ, तिचा नंबर उणे नऊ. अख्ख्या शेलार गावात तिच्याइतका जाड भिंगांचा चष्मा कुणाचा नाही, आणि तिच्याइतकं हट्टीही कुणी नाही.

तिचं लग्न झालं अकलोलीला, माहेरी. मांडवात जायच्या आधी आईनं चष्मा काढून घेतला. चष्मेवाली नवरी म्हटलं की लोक नाकं मुरडायचे ना! अंतरपाट दूर झाला आणि या बाईनं हार उचलला तो थेट अंतरपाट धरलेल्या मामाकडे. नवरदेवानं, म्हणजे हिरामण भाऊजींनी, स्वतःच मान पुढे केली म्हणून निभावलं. अल्बम बघणारे अजून म्हणतात, काय लाजरी नवरी! लाजरी कसली डोंबलाची, दिसतच नव्हतं तिला. "भावना, माझ्याच लग्नात मला काय बी दिसलं न्हाय गं," हे मी शंभरदा ऐकलंय.

म्हणून लेक रुचिकाचं लग्न ठरलं तशी बाईसाहेबांनी जाहीर केलं, लेन्स लावणार. अहो, चष्म्यातून दिसलंच असतं की लग्न! पण फोटोही झ्याक यायला हवे होते. रुचिका म्हणाली, "आई, चष्मा राहू दे, मला तू तशीच आवडतेस." ऐकेल ती कमळ कसली.

भिवंडीतल्या चष्म्याच्या दुकानात आमची अख्खी दुपार गेली. तिथल्या मुलीनं रोज नव्या लावून टाकून द्यायच्या लेन्स दाखवल्या. "रोज डोळे फेकायचे? शोभतं का?" म्हणत हिनं महिनाभर चालणाऱ्या घेतल्या. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा, असं त्या मुलीनं तीनदा बजावलं. पंधरा दिवसांत हिचा हात असा बसला की शेजारच्या बायका बघायला यायच्या. आणि पुन्हा मोह नको म्हणून चष्मा तिनं तांदळाच्या पिंपात पुरला.

मग आली हळद. आमच्याकडच्या हळदीत माणूस ओळखू येत नाही. कमळनं लेकीला दोन्ही हातांनी माखली, मग डोळ्यात खुपलं म्हणून साबणानं हात धुतले, लेन्स काढल्या, चोळल्या, परत लावल्या. सगळं शिकवल्यासारखं केलं हो! पण बोटांत मुरलेली हळद साबणाला दाद देते का? लेन्स पिवळ्याधमक, डोळे लालबुंद. फेकाव्या लागल्या. दुसरी जोडी? महिनाभर चालते म्हटल्यावर एकच घेतलेली.

लग्नाच्या सकाळी मी पिंपाकडे वळले तर हात धरला माझा. "खबरदार! फोटोत चष्मा नको. दिसतंय मला." दिसतंय म्हणे! मांडवाच्या दारात जावयाला ओवाळताना कुंकू लावलं ते त्याच्या मित्राला. सगळे पोट धरून हसले. हसत हसतच कुणीतरी ते रुचिकाच्या कानावर घातलं.

रुचिका हसली नाही. मंगलाष्टकं सुरू होणार तोच अंतरपाटामागून तिचा आवाज आला, "थांबा. आधी आईचा चष्मा आणा."

भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल.

"टळू दे. आईला दिसल्याशिवाय मी हार घालणार नाही."

मी धावत घरात गेले, पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. कमळनं नव्या शालूच्या पदरानं भिंगं पुसली, चष्मा चढवला आणि नुसती बघत राहिली. अक्षता टाकायच्याही विसरली. मला मेलीला रडूच आवरेना.

त्या क्षणाचा तिचा फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये दारासमोर लावलाय. फ्लॅशनं भिंगांवर दोन पांढरे ठिपके उमटलेत. मी म्हटलं, "ताई, दुसरा लाव की. यात तुझे डोळे दिसतच नाहीत."

"नसू देत," ती म्हणाली. "मला माझी पोर दिसली ना."