खर्डा ते मुंबई: अक्काला नाच दाखवायला

जायचं मी ठरवलं, आणि ते अक्काला न विचारता. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. माझी पहिली नेमणूक खर्ड्याच्या शाळेत, म्हणजे थोरल्या बहिणीच्या सासरीच. शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रात बातमी होती: मुंबईत देशोदेशींच्या नृत्यमंडळ्या येणार, आठवडाभर नव्या धर्तीचे नाच होणार, आणि सकाळी कुणालाही येऊन शिकता येईल असा खुला वर्ग भरणार. त्या 'कुणालाही'पाशीच मी अडकले.

कारण आमच्या अक्काला नाच बंद होता. नवी नवरी होऊन आली तेव्हा नागपंचमीच्या फेरात तिच्यासारखा पाय कुणाचा पडत नसे. तिचा हात धरायला बायका भांडायच्या. मेव्हणे तापानं गेले आणि ती फेराबाहेर आली. विधवेनं फेर धरायचा नाही, असा रिवाज. पाच पंचम्या ती दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन लांब उभी राहिली, आणि लुगड्याच्या आत तिचा उजवा पाय ठेक्यावर हलत राहिला. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अक्कानं पुन्हा नाचावं, एवढंच मला हवं होतं.

परवानगी लागणार होती आत्याबाईंची. म्हणजे अक्काच्या सासूबाईंची. अख्खं गाव त्यांना आत्याबाईच म्हणे आणि वचकून असे. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या, आणि रिवाज पाळण्यात सगळ्यांच्या पुढं. मी भीत भीत म्हणाले, "शाळेच्या गॅदरिंगसाठी मुंबईचा नाच बघून यावं म्हणते. पण एकटी कशी जाऊ?"

"बाईमानसानं एकटं जायाचं नसतं. हिला ने," त्या म्हणाल्या. मग अक्काकडं वळून, "पर बगायला जातीस, तवा नुसतं बगून यायाचं."

पहाटेच्या गाडीनं जामखेड, तिथून आष्टी-कड्यावरून नगर, नगरहून पुणे आणि पुढं मुंबई. आज तुम्ही हा प्रवास डुलक्या काढत कराल, पण तेव्हा जामखेड-नगर रस्त्यानं कंबरेचे टाके ढिले व्हायचे. दुष्काळी कामं चालू होती. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत बसलेल्या. खिडकीतून येणारी धूळ दशमीबरोबर पोटात जायची. बरोबर शेंगदाण्याची चटणी, चार कांदे आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घ्यावा, हा सल्ला मी अजूनही देईन. घाटासाठी लिंबूही ठेवा. खंडाळ्याला अक्कानं डोळे मिटून माझा दंड असा आवळला की दोन दिवस वळ होता. दादरला मावशीकडं पोहोचलो तेव्हा आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत एकाच मातकट रंगाच्या झालो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा खेळ. तिकीट मला पगाराच्या मानानं चांगलंच जड गेलं, पण त्याचा पस्तावा आजतागायत झालेला नाही. एवढं मोठं थिएटर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या एवढ्या थोरल्या रंगमंचावर काहीसुद्धा नव्हतं. पडदा नाही, देखावा नाही, पेटी-तबला नाही. नुसते नाचणाऱ्यांचे पाय वाजत होते. पांढरे केस कातरलेली, साठीची एक परदेशी बाई आली आणि खाली बसली. बस्स, इतकंच. पण ते बसणं किती वेळ चाललं होतं म्हणून सांगू. आधी मान, मग खांदे, मग पाठीचा एकेक मणका खाली येत होता. मागच्या रांगेत कुणी खुसखुसलं. मला वाटलं, अक्का आता विचारणार, ह्याला नाच म्हणायचं का गं. अक्का हललीसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ती बसली ना, तवा मला माजी दमनूक कळली."

मी इतकी वर्षं मासिकांतून नृत्यावर लिहिलेलं वाचते, पण यापेक्षा नेमकं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

सकाळी खुल्या वर्गाला गेलो. एका लांबलचक दालनात पंचवीसेक माणसं अनवाणी उभी होती आणि शिकवायला तीच पांढऱ्या केसांची बाई. कॉलेजातली एक मुलगी तिचं बोलणं मराठीत सांगत होती. सगळ्यांना हात धरून गोल करायला सांगितलं. मी गेले. अक्का पिशव्या आणि चपला सांभाळत भिंतीशी बसली. बाईनं गोल थांबवला आणि थेट तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"त्या विचारतायत, तुम्ही का येत नाही?" मुलगी म्हणाली.

"मला चालत न्हाई. मालक गेलं माजं."

मुलगी अवघडली, पण तिनं सांगितलं. बाईचं उत्तर ऐकून ती अक्काला म्हणाली, "त्यांचेही यजमान गेलेत. बारा वर्षं झाली."

अक्कानं बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन तरीबी नाचती? हिला कोन काय बोलत न्हाई?"

मुलीनं विचारून घेतलं आणि हसली. "बोलतात म्हणे. म्हातारी झालीस, आता पुरे कर, असं."

अक्का फिस्सकन हसली. पदर खोचला आणि उठली. पहिले दोन वळसे नुसती चालली. तिसऱ्याला तिचा तो पाय पडला, आणि मला पुढचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते. बाईनं सगळ्यांना थांबवलं, अक्काकडून ते पाऊल चारदा करून घेतलं आणि मग सगळा गोल तसा चालवला. जपानी, जर्मन, मुंबईकर, सगळे पंचमीचा फेर धरून फिरत होते.

परतताना अक्का एवढंच म्हणाली, "घरी सांगायचं न्हाई. त्या बाईच्या टाचा बी माज्यावानीच फुटल्यात, बगितलंस का?"

मुंबईचं काय राहिलं म्हणाल, तर समुद्र पुसट झालाय, थिएटरही. राहिली ती पुढची पंचमी.

त्या वर्षी पिंपळाच्या पाराशी फेर उभा राहिला. मी फेरात होते, अक्का शेजारणीचं पोर घेऊन बाजूला. मला राहवेना. मी एका बाजूचा हात सोडला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं केला. गाणं थांबलं. अक्का जमिनीकडं बघत राहिली. पारावरून आत्याबाई उठल्या आणि थेट आमच्यापुढं आल्या.

"मुंबईत नाचलीस न्हवं?" त्यांनी अक्काला विचारलं.

"व्हय."

"आल्यापास्नं भाकरी थापताना बी पाय हलतोय तुजा. मला काय दिसत न्हाई?"

त्यांनी अक्काच्या कडेवरचं पोर काढून त्याच्या आईकडं दिलं. एका हातानं अक्काचा हात धरला, दुसऱ्यानं माझा. "धरा. माजं तीस वर्सं ऱ्हायलंय."

कुणीतरी गाणं उचललं. आत्याबाईंचा पाय निराळाच पडत होता, जुन्या चालीचा. दोन पावलं मागं आणि मग टाच. आमच्यात तो कुणालाच येत नव्हता. अक्का मान खाली घालून सासूच्या पायांकडं बघत तो शिकत होती.