अल्लालच्या भिंतीवरचा सोळा टोकांचा तारा

आमच्या गल्लीत अल्लालला संत्रं द्यायचं नाही, असा बायकांचा ठरावच आहे. तो ते सोलत नाही, आडवं कापतो आणि फोडी मोजत बसतो. "दहा," म्हणतो. मग दुसरं मागून घेतो. "अकरा! बघा, एका झाडाची भावंडं, पण एकाचा हिशोब दुसऱ्याला लागू नाही." तोवर टोपली रिकामी. सूर्यफुलाचं तर विचारूच नका. अख्खं फूल मांडीवर घेऊन उजवीकडे वळणाऱ्या ओळी किती, डावीकडे किती, हे मोजणार. स्वतः एक बी खाणार नाही, दुसऱ्याला खाऊ देणार नाही.

त्यांच्या आणि आमच्या गच्चीत कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळे त्या घरातलं मला कधीकधी त्या घरातल्यांच्या आधी कळतं.

अल्लाल झेलीजचा मुअल्लिम, म्हणजे उस्ताद. चकचकीत फरशांचे छिन्नीने बारीक तुकडे पाडायचे आणि ते जुळवून भिंतीवर तारे फुलवायचे. आमच्या फेझ शहरातल्या कारंज्यांवर त्याच्या ताऱ्यांखाली हात धुतला नाही असा माणूस विरळा. आणि हे सगळं काम पालथं चालतं बरं का. रंग जमिनीकडे, मातीची पाठ वर. त्यावर गिलावा ओतायचा, सुकला की उलटायचं, तेव्हा कुठे कळतं काय झालंय ते. पाठीकडून सगळे तुकडे सारखेच मातकट. म्हणून बाकीचे कारागीर तुकडा लावण्याआधी उलटून रंग बघतात. अल्लाल बघत नाही. हिरव्यांचा पालथा ढीग डाव्या गुडघ्याशी, निळ्यांचा उजव्या. "मी बघायला लागलो तर हाताचा अपमान होईल," म्हणतो.

आता एवढा मोठा कलावंत, आणि त्याच्या स्वतःच्या अंगणातली कारंज्यामागची भिंत? नुसतं सिमेंट. लग्न झाल्यापासून. मुलीची, बातूलची सोयरीक जमली, सुपारी फोडायला मंडळी येणार ठरली, तेव्हा त्याची बायको झोहरा पेटली.

"अहो मुअल्लिम, व्याही काय बघणार? ही भिंत? शुक्रवारच्या आत तारा नाही लागला, तर मी थामीला बोलावते."

थामी म्हणजे झोहराचा धाकटा भाऊ. तोही झेलीजवाला. बायकोच्या भावाने येऊन आपल्याच अंगणात तारा लावायचा! अल्लालला त्यापेक्षा भिंतीखाली गाडून घेणं परवडलं असतं.

"बोलाव की," तो म्हणाला. "त्याला चहा द्यायला हवाच कुणीतरी."

पण दुसऱ्याच दिवशी अंगणात बसला. सोळा टोकांचा तारा, टोकं हिरवी, भोवती निळ्या पाकळ्या. मी वरून कपडे वाळत घालता घालता टोमणे मारायची, तो मान वर न करता उत्तरं द्यायचा. हात मात्र चालूच.

गुरुवारी गिलावा सुकला. उलटायची वेळ आली तेव्हा थामी बोलावल्याशिवाय हजर. होणारी विहीणबाई लल्ला कन्झाही (आमच्याकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात) मिठाईचं ठरवायला आली होती. बाई मोठी टापटिपीची. दुसऱ्याच्या घरात गेली तरी उशा झटकते. मी आपली चहाचं तबक घेऊन उभी. कुणीतरी उभं राहायला हवंच.

चौघांनी धरून उलटलं. अल्लालने ओलं फडकं फिरवलं.

तारा होता. टोकं सुईसारखी. पण हिरव्या टोकात मधेच निळं, निळ्या पाकळीत घुसलेलं हिरवं. जणू कोणी पोपटांच्या थव्यात मोर सोडलेत.

थामीने घसा खाकरला. "दाजी, ही काय नवीन फॅशन का?"

"अगबाई!" लल्ला कन्झा म्हणाली. "आणि मी ते ढीग किती छान लावून ठेवले होते! तुम्ही नमाजला गेलात ना परवा, मी आले होते तेव्हा. खाली केर होता. सगळं गोळा केलं, झाडून घेतलं, आणि परत दोन सारखे ढीग केले. एकाच आकाराचे तर होते!"

झोहराचा चेहरा पांढरा. एका चुकार तुकड्यासाठी या माणसाने एका व्यापाऱ्याकडची अख्खी चौकट हातोड्याने फोडली होती, हे सगळ्यांना ठाऊक. हातोडाही तिथेच पडलेला. हा तारा फोडला तर विहिणीच्या तोंडावर फोडल्यासारखं, आणि भिंत थामीच्या घशात. नाही फोडला तर उद्या शहरभर अल्लालचं हसं.

अल्लालने हातोडा उचलला. झोहराने माझा दंड इतका घट्ट धरला की ग्लास वाजले.

त्याने हातोड्याच्या दांड्याने पाठ खाजवली.

"लल्ला कन्झा," तो म्हणाला, "माझ्या या हाताने आजवर कुणाचं ऐकलं नाही. झोहराला विचारा. पहिल्यांदाच ऐकलं, ते तुमचं. आता सोयरीक मोडायची म्हटली तरी मोडत नाही. थामी, गिलावा कालव. बातूलची सासू आणि मी मिळून केलेला तारा आहे, नीट चढव."

लल्ला कन्झा अशी लाजली, जणू तिचीच सुपारी फुटतेय.

"म्हणजे हे असंच लावायचं?" थामी म्हणाला. "हे विस्कटलेलं?"

"विस्कटलेलं? अरे, नियम आहे त्यात. रंग कसे फिरलेत बघ. तुला दिसत नाही?"

थामीने खिशातून चष्मा काढला.

शुक्रवारी मंडळी आली, सुपारी फुटली, बदामाच्या करंज्यांचं ताट फिरलं. नवरदेवाकडचे म्हातारे भिंतीसमोर बसून "वा, वा" करत होते. थामी मात्र नाक भिंतीला लावून बोटाने टोकं मोजत होता.

"थामी, करंज्या संपतायत रे!" झोहरा ओरडली.

"थांब ताई, सापडतोय. तीन हिरवे, एक निळा, मग..."

अल्लाल माझ्या ग्लासात चहा ओतत पुटपुटला, "नियमबियम काही नाही, पण त्याला सांगू नका हं, लल्ला शामा."

"मी? मी कधी कुणाला काही सांगते का?"

संध्याकाळची मगरिबची अजान होईपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. फक्त थामीला तेवढं नाही.