पॉटरी टाउनच्या अक्का मराठी नाहीत

बेंगळुरातल्या पॉटरी टाउन या कुंभारवस्तीतल्या एका अक्कांना मी मराठी करून टाकलं. त्यांना न विचारता, एका रविवारी सकाळी, भर रस्त्यात. चूक सर्वस्वी माझी. रागाच्या भरात केली म्हणून ती लहान होत नाही.

आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कोण आलं आणि कशासाठी आलं हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नडमधले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं असे मुरलेत की आम्हाला ते मराठीच वाटतात. मी मल्लेश्वरमला राहतो, विम्याच्या कचेरीत काम करतो, आणि अधूनमधून रविवारी पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या मंडळींना जुनं शहर दाखवायला नेतो. फुकट. बायको म्हणते, "फुकट कसलं? तुमचं ऐकून घ्यायला माणसं मिळतात ना."

पॉटरी टाउन ही माझी आवडती जागा. लहानशा गल्ल्या, घरांपुढे वाळत घातलेल्या कुंड्या, आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक भट्टी. इंग्रजांची छावणी वाढत होती तेव्हा मडकी घडवायला तमिळ मुलखातून आपले पूर्वज आले, असं तिथले म्हातारे कुंभार सांगतात. माती तेव्हा आसपासच्या तळ्यांतून यायची. घरोघरी फ्रिज आले आणि माठ मागे पडले. मग हॉटेलांना तंदूर लागू लागले, मग गणपती, मग फ्लॅटच्या बाल्कन्यांसाठी कुंड्या. एकेक तळं बुजून त्यावर इमारती उभ्या राहिल्या; आता माती लांबून ट्रकने येते. सर्जापूर रोडच्या नव्या इमारतींतल्या मंडळींना मी दरवेळी सांगतो, "तुम्ही तळ्यावर राहायला आलात, म्हणून यांना माती मिळेना, म्हणून कुंडी महागली. तेव्हा घासाघीस करू नका." ते मनापासून हसतात आणि घासाघीस करतात.

त्या रविवारी आमच्यात एचएसआर लेआउटमधल्या एक ताई होत्या, मूळच्या पुण्याच्या. माझं सगळं शांतपणे ऐकून झाल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, "काका, तुम्ही मराठी किती छान बोलता हो! कुठे शिकलात?"

आईकडे, एवढंच म्हणायला हवं होतं. पण माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. समोरच्या ओट्यावर अक्का ओल्या पणत्या फळीवर मांडत होत्या. त्यांच्याकडे बोट करून मी म्हणालो, "शिकायचं काय त्यात? इथे कुंभारसुद्धा मराठी आहेत. या अक्का बघा. आमच्याबरोबरच आलेलं घराणं. मराठ्यांच्या फौजेला मडकी लागायचीच ना."

आपण आत्ताच फौजेबरोबर आलो, याचा अक्कांना पत्ताही नव्हता. त्यांनी शेवटची पणती मांडली आणि पदराला हात पुसले.

मला वाटलं, ताई विसरतील. पुढच्याच रविवारी त्या मैत्रिणींना घेऊन हजर झाल्या, माझ्याशिवाय. त्यानंतर मी गेलो तेव्हा अक्कांनी मला बाजूला घेतलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "सार, ही माणसं माझ्याशी काय बोलतात? आणि माझे फोटो का काढतात?"

"तुमच्या पणत्यांचं कौतुक करतात, अक्का."

"मग मी काय म्हणू?"

इथे मला खरं बोलायची दुसरी संधी होती. मी म्हणालो, "'या, बसा' म्हणा."

अक्कांनी ते तेव्हाच उचललं. दसऱ्यापर्यंत त्या "या, बसा, पाणी घ्या, कमी नाही होणार" इतकं खणखणीत म्हणू लागल्या, की एका गृहस्थांनी मला ऐकवलं, "बघा काका, यांचे उच्चार तुमच्यापेक्षा शुद्ध आहेत." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पण गल्लीतले इतर ओटे रिकामे पडू लागले. मराठी मंडळी आली की थेट 'आपल्या अक्कां'कडे जायची. ताईंच्या मराठी मंडळाने दिवाळीच्या सगळ्या पणत्या त्यांच्याकडेच सांगितल्या आणि अक्कांचा एक व्हिडिओ केला: शेकडो वर्षं मराठी जपणारी कुंभारीण. तो फिरत फिरत गल्लीतल्या फोनवर आला. गल्लीत मराठी कळणारं कोणी नव्हतं, पण अर्थ सांगणारा कोणाचा तरी भाचा निघाला.

भट्टी सगळ्यांची असल्याने तिथे पाळी असते. कोणाचा माल भट्टीत कधी लागायचा, हे तिथले एक वयस्कर अण्णा ठरवतात. अक्कांची पाळी आली तेव्हा अण्णांनी ती शेजारच्या घराला दिली. "तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? तिथे भट्ट्या असतीलच की." अक्कांना थट्टा वाटली. पुढची पाळीही गेली. दीपावली तोंडावर, आभाळ भरलेलं, आणि घरभर कच्च्या पणत्या. भाजल्या नाहीत तर त्या पणत्या नाहीतच. पाण्याचा हात लागला की पुन्हा चिखल.

अक्कांचा मला फोन आला. "सार, तुम्ही त्या लोकांना माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

मी सांगितलं. सगळं, ताईंच्या त्या प्रश्नासकट.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा या भट्टीला नमस्कार करायला लावला, घरातल्या देवाला नंतर," अक्का म्हणाल्या. "तुम्ही मला एका वाक्यात तिथून बाहेर काढलंत. आणि वर 'या, बसा' शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून भट्टीवर गेलो. अण्णा जळणासाठी नारळाच्या शेंड्या रचत होते. मी चूक कबूल केली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"सार, तुमचं गाव कुठलं?"

"मल्लेश्वरम."

"त्याच्या आधी?"

"महाराष्ट्र. पण खूप पूर्वी."

"तिथे कोणी आहे?"

"कोणी नाही."

"कधी गेलात?"

"एकदा. लग्नाला."

अण्णा आता माझ्याकडे वळले. "मग पहिल्यांदा तुमचंच नक्की करा की. आमची बाई कशाला नेता?" आसपासची माणसं हसली. मीही हसलो, आणि मी हसल्यावर ती थांबली.

"तिला विकायला गिऱ्हाईक मिळालं, याचा मला राग नाही," अण्णा म्हणाले. "पण आमच्या आजोबांनी ही जागा जमवली. उद्या तुमचे लोक म्हणतील, ही भट्टीही आमची. मला सांगून काय होणार? ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना घेऊन या. इथे उभे राहा. त्यांच्या भाषेत सांगा, मग कन्नडमध्ये. तसं केलंत की सोमवारी तिच्या पणत्या भट्टीत लागतील."

रविवारी ताई आल्या, मैत्रिणी आल्या, शुद्ध उच्चारांचे गृहस्थही आले. त्यांना वाटलं, भट्टी पेटताना बघायची आहे. गल्लीतली सगळी माणसं ओट्यांवर येऊन बसली होती, आणि अक्का हाताची घडी घालून भट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. ताईंनी त्यांना हाक मारली, "अक्का, कशा आहात?" अक्का माझ्याकडे बोट दाखवून मराठीत म्हणाल्या, "या, बसा."

मी बसलो नाही. मी म्हणालो, "ताई, या अक्का मराठी नाहीत. कधीच नव्हत्या. यांची माणसं तमिळ मुलखातून आली. फौज, मडकी, सगळं मी जागेवर रचलं. माझ्या मराठीला तुम्ही छान म्हणालात, ती कुठे शिकलात असं विचारलंत, ते मला लागलं. एवढ्याशा गोष्टीवरून मी यांना यांच्या माणसांतून उचलून आपल्यात ओढलं, आणि यांच्या पणत्या कच्च्या राहिल्या. तुमचीही फसवणूक केली. माफ करा."

मग मी ओट्यांकडे तोंड करून तेच सगळं कन्नडमध्ये सांगितलं. ते लवकर संपलं, कारण तिथे प्रत्येकाला ते आधीच ठाऊक होतं. शेवटी अक्कांसमोर जाऊन हात जोडले.

"तप्पायितु, अक्का. माझं चुकलं. क्षमिसि."