जानरावचं हरण्याचं इंग्रजी

अमडापूरच्या बाजारात जानराव आणि मी एकाच टोळीत हमाली केली. आता दोघंही थकलो. मी घरी बसलो, जानराव बसला नाही. तुरी निघाल्या की गावात कबड्डीचे सामने होतात आणि तिथला माइक त्याच्याकडे असतो. आवाज मोठा आहे आणि बिनपगारी आहे, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

त्याची एक गोष्ट मात्र वेगळी. हरलेल्याला तो मराठीत हरला म्हणत नाही.

आमच्याकडे नाव फार लवकर चिकटतं. माइकवरून एकदा 'हारला' असं पुकारलं की तो पोरगा वर्षभर 'हारेल' होतो. पानटपरीवर हारेल, पंगतीत हारेल, सासुरवाडीला गेला तर मेव्हणे विचारतात. एक चांगला खेळाडू याच कारणानं मैदानावर यायचा बंद झाला. तेव्हा जानराव शालिग्राम सरांकडे गेला. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे; आता निवृत्त आहेत आणि सामन्यात फळ्यावर खडूनं गुण मांडतात. हरण्याला इंग्रजीत काय काय म्हणतात, असं त्यानं विचारलं. सरांनी चहाबरोबर मूठभर शब्द दिले आणि सांगितलं, अर्थ जवळपास एकच, कोणताही वापर.

हे जानरावला पटलं नाही. सगळी पोती सारख्या वजनाची कशी असतील? त्यानं शब्द घरी नेले आणि प्रत्येकाचं वजन स्वतःच ठरवलं.

समोरचा संघ फारच भारी होता, तर 'आउटक्लास'. यात लाज नाही. खेळताना डोकं चाललं नाही किंवा कुठं हलगर्जी झाली, तर 'लॉस'. शेवटच्या शिटीपर्यंत जीव तोडून खेळले आणि तरी गेलं, तर 'डिफीट'. हा सगळ्यात वरचा. आणि सामना संपायच्या आधीच ज्यानं मनातून सोडून दिला, त्याला 'गिव्हअप'. हा शब्द तो क्वचित काढतो, पण काढला की मैदान गप्प होतं.

सामने भरवणाऱ्या मंडळानं एकदा ढालीवर 'रनरअप' कोरून आणलं. जानरावनं तो शब्द माइकवर घ्यायला नकार दिला. म्हणाला, पोत्यात खाली कचरा आणि तोंडाशी चांगला माल लावतात, तसला शब्द आहे हा.

पोरं हसायची. मग हळूहळू त्यांना वजन कळायला लागलं. 'लॉस' मिळाला की चेहरे पडायचे. 'डिफीट' मिळाला की पोरं हरूनही मोबाइलवर स्टेटस ठेवायची. एकदा तर एका संघानं भांडण काढलं, की आमचा लॉस नाही, डिफीट आहे. जानरावनं त्यांना विचारलं, शेवटच्या चढाईला तुमचा उजव्या कोपऱ्यातला गडी कमरेवर हात ठेवून उभा होता की नाही? होता. मग लॉस. मला हे आवडतं. आमच्या टोळीतही असे होते. चार जणांनी उचललेल्या पोत्याला नुसता हात लावून चालणारे.

तीन हिवाळ्यांपूर्वी मुलींचे सामने सुरू झाले. जानरावची नात महामाया गावच्या संघाची कप्तान. अंतिम सामना सुलतानपूरशी पडला.

मी मंडपात जानरावच्या शेजारी होतो. सामना अटीतटीचा. आमच्या मैदानावर धूळ इतकी उडते की फळा कोणी बघत नाही. खेळणारे, बघणारे, सगळे माइकच्या आवाजावर चालतात. जानराव दर चढाईनंतर गुण सांगत होता. महामाया एकाच चढाईत दोघींना शिवून परत आली. आम्ही दोन गुणांनी पुढं गेलो. जानरावनं तसं पुकारलं. आवाज थोडा चढला असेल.

मागून कोणीतरी बोललं, "आजोबाचा माइक, नातीची जाहिरात."

लोक हसले. जानरावनं माइक बंद करून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, बोल ना बे. तो म्हणाला, आता निकालच सांगतो. घरच्या पोरीचं कौतुक करतो असं कोणी म्हणायला नको. तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं.

पुढच्या चढाईत सुलतानपूरच्या मुलीनं आमची एक शिवली. ते सगळ्यांना दिसलं. तिनं बोनसही घेतला होता आणि गडबडीत आमची दुसरी पोरगी रेषेबाहेर गेली होती. पंचानं हात करून दाखवलं, शालिग्राम सरांनी फळ्यावर तीन गुण चढवले. माइकवर कोणी काही बोललं नाही.

शेवटची चढाई महामायाची. ती गेली, निदानरेषा ओलांडण्यापुरतीच आत जाऊन कबड्डी कबड्डी करत डावी-उजवी फिरली, कोणाला शिवायचा प्रयत्नही केला नाही आणि आरामात परत आली. शिटी वाजली. सुलतानपूर एका गुणानं जिंकलं.

आता सगळं मैदान जानरावकडे बघत होतं. नातीला तो कोणता शब्द देतो? डिफीट म्हटलं असतं तर त्या दिवसापासून त्याच्या शब्दाला वजन उरलं नसतं. त्यानं माइक उचलला. बटण दाबलं.

"विनर सुलतानपूर," तो म्हणाला. "अमडापूर, गिव्हअप."

महामाया तशीच धुळीनं भरलेली मंडपात आली. रडत नव्हती. कोणाचं असं रागावलेलं तोंड मी आमच्या मुकादमानंतर पाहिलं नव्हतं.

"आबा, स्कोर काऊन नाई सांगितला? तुमच्या आवाजावर खेळून राह्यलो होतो आमी. मले वाटलं आपण एकानं पुढं आहो, म्हणून टाइम काढला मी."

जानराव फळ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. फळा मीही बघितला नव्हता. माइक चालूच होता, त्यामुळे तिचं बोलणं अर्ध्या गावानं ऐकलं होतं. त्यानं तो पुन्हा तोंडाशी नेला.

"निकालात दुरुस्ती. गिव्हअप पोरींचा नाई. काम अर्ध्यात सोडलं ते म्या. अनाउन्सर जानराव, गिव्हअप."

कोणी हसलं नाही. मग सुलतानपूरच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या.

महामाया हलली नाही. "मंग आमाले कोणता?"

"लॉस," जानराव म्हणाला. "फळा होता. मान वर करून कोणीच पाह्यलं नाई."

तिनं थोडा विचार केला आणि मान्य केलं. घरी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, ते वेगळं. तिसऱ्या दिवशी बोलली, पण वाढताना. भाकरी टाकली की म्हणायची, आबा, स्कोर सांगा. आणि जानरावला भाकरी मोजून पुकारावी लागायची. मी ऐकलं आहे.

मंडळानं पुढच्या हिवाळ्यात माइक परत त्यालाच दिला. मागून टोमणा आला तरी गुण सांगणं थांबवायचं नाही, एवढी एकच अट. टोमणे आलेच. तो सांगत राहिला.

अंतिम सामना पुन्हा सुलतानपूरशी. पुन्हा एका गुणानं गेला. या वेळी शेवटच्या चढाईत महामाया पकडीत सापडली आणि अंगावर चौघी असताना मध्यरेषेकडे सरकत राहिली. शिटी वाजली तेव्हा तिचा हात रेषेपासून वीतभर दूर होता.

जानरावनं अमडापूरचं नाव घेतलं आणि म्हणाला, "डिफीट."

पोरी अशा नाचल्या की ढाल घ्यायला आलेल्या सुलतानपूरच्या मुली गोंधळून बघत राहिल्या.