बाराव्या गाण्याची जागा

आमचे गिटारकाका गाणं रेकॉर्ड करायचे ते काकूंच्या कपाटात. कपाट अमेरिकेतलं, माणूस आत उभा राहील एवढं. चहूबाजूंनी साड्या आणि कोट असल्यामुळे आवाज घुमत नाही. यंत्राची घरघर नको म्हणून एसी बंद. आमच्या शुगर लँड गावच्या जुलैत काका बनियनवर, घामाने निथळत, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून रॉक गायचे आणि मी दाराबाहेर लॅपटॉप घेऊन बसायचो. "माझ्या पैठणीला घामाचा वास आला ना, तर बघा!" असं काकू दर वेळी बजावायच्या.

काका मूळचे नागपूरचे, पोटापाण्यासाठी पाइपलाइनचे इंजिनिअर. कॉलेजात त्यांचा चौघांचा बँड होता. "मोठे बँड भांडून फुटतात बे, आमचा व्हिसा मिळून फुटला," असं ते सांगायचे. चौघे चार देशांत पांगल्यावर काका एकटेच गाऊ लागले. वर्षा-दीड वर्षाला एक सुटं मराठी गाणं करायचं आणि इंटरनेटवर टाकायचं. ऐकणारे आम्ही इथल्या महाराष्ट्र मंडळातले वीस-पंचवीस जण, त्यातले निम्मे भिडेखातर.

अशी अकरा गाणी झाल्यावर एक दिवस म्हणाले, "आता ग्रेटेस्ट हिट्सचा अल्बम काढू."

"काका, यातलं हिट कुठलं आहे?"

"लोकांची वाट बघत बसलो असतो तर पहिलं गाणंही झालं नसतं."

मी पोट धरून हसलो. मग काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, की काकांच्या थायरॉइडची गाठ काढायची आहे आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून आहे. आवाज जाऊही शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी जात्याच घाबरट. त्या दिवसापासून काका नुसते खाकरले तरी मी त्यांच्याकडे बघायचो. ते मात्र गाण्यांचा क्रम लावण्यात गढलेले. गाडीत वाजवून पाहिल्याशिवाय त्यांना काही पटायचं नाही, म्हणून आम्ही हायवेवर चकरा मारत एकेक गाणं ऐकलं. एकात सूर घसरलेला, एकात मागे कुकरची शिट्टी. नीट करू का, म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. तेव्हा तसंच झालं होतं."

खरा वाद झाला तो बाराव्या गाण्यावरून. अशा संग्रहात शेवटी एक कोरं करकरीत गाणं असतंच, हा काकांच्या लेखी नियम. गाणं लिहून, चाल लावून तयार होतं. ऑपरेशनला नऊ दिवस होते.

"काका, या वीकेंडला रेकॉर्ड करून टाकू ना."

"ऑपरेशननंतर."

सात दिवस राहिले, चार राहिले. मी चिडलो, हात जोडले. शेवटी ते म्हणाले, "आधीच गाऊन टाकलं तर गळ्याला वाटेल, याचं काम झालं. काहीतरी बाकी ठेवून जावं बे, म्हणजे परत यावं लागतं."

ऑपरेशन झालं. सगळं नीट पार पडलं, असा काकूंचा मेसेज आला. आवाजाबद्दल त्यात काहीच नव्हतं आणि विचारायचं मला धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक फाटका, वारा सुटल्यासारखा आवाज नुसतं "हॅलो" म्हणाला.

मी घाईत विचारलं, "कोण बोलतंय?"

त्या आवाजाने काकांचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, बँकेत सांगावं तसं.

मी दहादा सॉरी म्हटलं. "होतं बे," एवढंच ते म्हणाले.

अल्बम अकरा गाण्यांचाच निघाला. सहा महिन्यांत आवाज परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आता वर्ष होऊन गेलं. रेकॉर्डिंगला बसू लागल्यापासून सहा वर्षं तो आवाज मी हेडफोन लावून ऐकला आणि नेमकं मीच त्याला ओळखलं नाही, याची लाज अजून जात नाही. काका मंडळात भेटतात, हसतात, पाठीवर थाप मारतात. फोन मात्र त्यांनी मला त्यानंतर कधी केला नाही. मेसेज करतात.