आत्याच्या पायाचं माप

माणसं ओळखायला सरकारने बोटांचे ठसे घेतले, माझ्या आत्याला नुसत्या चपला पुरत. लग्नघराच्या दारातल्या ढिगातून आमच्या घरच्या तेवढ्या चपला ती पायाने बाजूला सारायची. आतल्या कडेने झिजलेल्या त्या आमच्या. आमच्या पायांत आतल्या बाजूला, घोट्याखाली, एक जादा हाड आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं आणि पाऊल सपाट करून टाकतं. आत्याला त्याचा कोण अभिमान. बाळ बघायला गेली की तोंडाआधी पाय दाबून बघणार आणि "आपलंच हाय" असा निकाल देणार. माझी धाकटी लेक तिच्या मते आईच्या पायावर गेली, म्हणून वर्षभर तिला कडेवर घेतलं नाही.

मखमलाबादहून डोक्यावर मेथीची पाटी घेऊन ती पंचवटीच्या बाजारात चालत यायची आणि परतताना आमच्या घरी टेकायची. पाय दुखतात का विचारलं, तर दुखणी नव्या पिढीची म्हणायची. मी त्या नव्या पिढीतला. ओझरच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून माझे पाय सुजू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पावलांचे साचे घेऊन बुटात घालायचे आधार बनवून दिले. घरात आणखी कुणाला हे असेल तर घेऊन या, असंही बजावलं. दोन महिन्यांत मी माणसासारखा चालू लागलो. आत्याने माझे बूट उलटे करून पाहिले. "आता तुजे जोडे मला वळखू यायचे नाय," एवढंच म्हणाली. मला वाटलं, रुसली.

पुढच्या खेपेला निघताना तिने कॅलेंडरच्या पानाची घडी माझ्या खिशात कोंबली. पायाचं माप आहे, डॉक्टरला दे म्हणाली. वहाणा करायला टाकाव्यात, तसं. मी पोटभर हसलो आणि सांगितलं, कागदावर होत नाही, स्वतः यावं लागतं.

"मंग ने की मला."

घडी गाडीच्या कप्प्यात टाकली आणि येत्या रविवारी नेतो म्हणालो. त्या रविवारी ओव्हरटाइम निघाला, पुढच्या रविवारी पाहुणे आले, मग मी विसरलोच. तिने पुन्हा विषय काढला नाही. आधी पाटी सुटली, मग चालणं सुटलं, आणि माघात आत्या गेली.

तेराव्याहून परतताना गाडीच्या कप्प्यात ती घडी सापडली. मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. पेन्सिलीने गिरवलेली दोन पावलं, दोन्हींच्या आतल्या फुगवट्यावर एकेक फुली, आणि खाली चौथी शिकलेल्या आत्याचं अक्षर: 'हितं दुखतं. लय वर्सं झाली.'

त्या मापावर डॉक्टरांना खरंच काही करता आलं नसतं. मला मात्र एक रविवार काढता आला असता.